झेंड्याच्या जरा डावीकडे

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. भांडुपच्या एका कंपनीत मी ऑडिटला होते आणि नवरा डिझाइनला. कुणी "सगळं ओके आहे मॅडम" म्हणालं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायची, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं. एकाच ऑफिसातले असल्यामुळे आमच्या दोघांत अहो-जाहो कधी आलंच नाही. मी त्याला 'अरे' म्हणते, तो मला 'अगं'. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही.

तर या माणसाने निवृत्तीनंतर मला गोल्फ शिकायला लावलं. त्याला स्वतःला क्लबची मेंबरशिप कंपनीच्या कोट्यातून मिळाली होती. गिरणीत साच्यावर उभ्या राहिलेल्या बापाचा हा मुलगा दर रविवारी सकाळी पांढरी टोपी घालून मुलुंडहून निघायचा आणि दुपारी उन्हाने लाल होऊन परत यायचा. इतक्या वर्षांत "चल, बघायला तरी ये" असं एकदाही म्हणाला नाही. मीही कधी विषय काढला नाही, कारण रविवारी सकाळी मला घर रिकामं मिळायचं आणि ते मला आवडायचं. आणि अचानक एक दिवस म्हणाला, "माझा खांदा धरलाय. मी आता खेळत नाही. तू शिक, मी येतो बरोबर."

"माझ्या डोंबलाचं गोल्फ! या वयात?"

"शिक गं. सोपं असतं."

त्याच दिवशी दुपारी त्याने मला वरच्या फळीवरचा मोठा कुकर काढून दिला. त्याच धरलेल्या खांद्याने, हात पूर्ण वर करून. मी काही बोलले नाही. ऑडिटमध्ये पहिली चूक सापडली की लगेच बोंब मारायची नसते, दुसरीची वाट बघायची असते.

कणकवलीला माझी मोठी नणंद असते. तिला ही बातमी कशी कळली कोण जाणे, पण तिचा मेसेज आला: "काय गो, म्हातारपणी दांडो घेवन खंय फिरतंस?" मी तो नवऱ्याला दाखवायला फोन पुढे धरला, तर म्हणाला, "वाचून दाखव ना, चष्मा आत आहे." चष्मा त्याच्या कपाळावर होता.

मुलुंड आणि भांडुपच्या मधे एका बंद कारखान्याच्या जागेत उंच जाळ्या लावून रेंज केलीय. रेंज म्हणजे सरावाची जागा. हिरव्या मॅटवर उभं राहायचं, बादलीतून एकेक चेंडू घ्यायचा आणि समोरच्या जाळीच्या दिशेने मारायचा. तिथल्या सरांनी मला काठी धरायला शिकवली, पाय कुठे ठेवायचे ते शिकवलं, डोकं खाली ठेवायला शिकवलं. पहिले काही आठवडे मी चेंडूच्या आधी जमिनीलाच बडवत होते. मग एका सकाळी 'टक्' असा एक कोरडा, स्वच्छ आवाज आला आणि चेंडू सरळ समोरच्या जाळीवरच्या लाल वर्तुळाकडे गेला. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. वाटलं, हे आपण केलं!

मागे बाकावर बसलेला नवरा ओरडला, "झकास!"

मी वळून बघितलं. चेंडू अजून हवेत होता, जाळीपर्यंत पोचलाही नव्हता. आणि साहेबांचं तोंड चहाच्या टपरीकडे होतं.

हळूहळू रेंजवर माझं नाव झालं. शेजारच्या मॅटवरची तरुण पोरं म्हणायची, "आँटी, काय सरळ मारता यार!" मीही जरा फुगले. मग नवरा म्हणाला, आता कोर्सवर चल. कोर्स म्हणजे खरं मैदान, लांबवर झेंडा रोवलेल्या खड्ड्यात चेंडू घालायचा. आणि तिथे वाट लागली.

कोर्सवरचा माझा पहिला चेंडू डावीकडे गेला. दुसराही डावीकडेच. मग सगळेच. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू निघतानाच डावीकडे निघाला आणि कुठेही न वळता तसाच गेला, की त्याला पुल म्हणतात. माझे सगळे पुल. झेंडा एकीकडे, मी भलतीकडे. डावीकडच्या झुडपांतून चेंडू शोधताना माझ्या ओढणीला इतके काटे लागायचे की घरी आल्यावर ते काढत बसणं हा एक वेगळाच खेळ झाला.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मारून दाखवा." मारून दाखवला, सरळ गेला. आणखी मारले, सरळ. सर डोकं खाजवायला लागले. मग त्यांनी उपाय सुरू केले. चेंडू दोन बोटं मागे ठेवा. खांदे आधी उघडू नका, कंबर आधी फिरू द्या. उजवं कोपर पोटाजवळ ठेवा. मी एकेक उपाय घेऊन कोर्सवर जायची आणि चेंडू आपला डावीकडे. माझी अवस्था गावातले सगळे डॉक्टर करून आलेल्या रोग्यासारखी झाली.

"मॅडम, रेंज म्हणजे नेट प्रॅक्टिस आणि कोर्स म्हणजे मॅच," सर म्हणाले. "मॅचला हात आखडतात. सगळ्यांचंच होतं."

त्यात तथ्य होतं, नाही असं नाही. रेंजवर वाईट चेंडू गेला की बादलीत दुसरा असतो. कोर्सवर वाईट चेंडू गेला की त्याच्याकडे चालत जावं लागतं, आणि चालताना सगळा वेळ तोच डोक्यात असतो. रेंजवरच्या मॅटवर पांढऱ्या रेघा आखलेल्या असतात, पायांनी फक्त रेघेला लागून उभं राहायचं. कोर्सवर नुसतं गवत. एका अंगाने उभं राहून मान वळवून झेंड्याकडे बघितलं, की आपण नक्की कुणीकडे तोंड करून उभे आहोत हे स्वतःला कळतच नाही. म्हणून तिथे मला नवरा उभं करायचा. चेंडूच्या मागे जाऊन तो झेंड्याकडे बघायचा, मग माझ्या खांद्यांना धरून फिरवायचा: "अजून जरा... अजून... बस. आता मान वर करू नकोस, चेंडूकडे बघ." मी चेंडूकडे बघायची.

मग सरांनी एक दिवस विचारलं, लहानपणी काही खेळायचात का? मी म्हटलं, घाटकोपरच्या आमच्या चाळीत पोरांबरोबर क्रिकेट. सरांचे डोळे चमकले. आमच्या गल्लीत उजव्या हाताला एका खडूस काकांची काचेची गॅलरी होती. तिकडे चेंडू गेला की आऊट, वर आईकडे तक्रार. त्यामुळे आम्ही सगळी पोरं आलेला प्रत्येक चेंडू ओढून डावीकडे मारायला शिकलो होतो. "सापडलं!" सर म्हणाले. "कोर्सवर उजवीकडे बिल्डिंगा आहेत ना? तुमच्या हातांना अजून त्या काकांची काच दिसते. इथे काच नाही, म्हणून सरळ जातो."

काय सुंदर उत्तर होतं! मी दोन-तीन आठवडे ते सगळ्यांना सांगत सुटले. पण माझं डोकं ऑडिटचं. एका सकाळी कोर्सच्या मधल्या भागात, जिथे उजवीकडे मोकळं मैदान होतं आणि डावीकडेच घरं होती, तिथेही माझा चेंडू त्या घरांच्या दिशेने गेला. काच फोडायला भिणारे हात काचेकडेच कसे मारतील? हिशोब जुळेना.

नणंदेला फोनवर सांगितलं तर ती हसली. "नाचता येईना अंगण वाकडं!" मला तो टोमणा झोंबला.

आणि या सगळ्यात नवऱ्याचं वागणं. ते मी आधी सांगायला हवं होतं, पण तेव्हा मला या दोन वेगवेगळ्या भानगडी वाटत होत्या.

तो माझ्या नजरेला नजर देईनासा झाला होता. बोलताना माझ्या तोंडाकडे बघायचाच नाही, उजव्या कानाकडे बघायचा. आधी मला वाटलं कानाला काही लागलंय. दोनदा आरशात जाऊन बघून आले. मग मुद्दाम नव्या मोत्याच्या कुड्या घातल्या. तो संध्याकाळभर माझ्या कानाकडे बघत जेवला, आमटीत मीठ कमी आहे म्हणाला, पण कुड्यांबद्दल एक शब्द नाही. ज्या कानाकडे एवढं टक लावून बघतोस त्या कानातलं दिसत नाही होय रे तुला? नजर चुकवणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे मला कुणी शिकवायला नको. ऑफिसात मी अशी माणसं पकडून दिली होती.

गाडीची किल्ली त्याने माझ्याकडे दिली. "तूच चालव, सवय राहील." ज्या माणसाने आजवर मला बाजूच्या सीटवर बसवून ब्रेक कसा मारायचा यावर भाषणं दिली, तो आता गपगुमान बाजूला बसायचा.

दर गुरुवारी दुपारी तो बाहेर जायला लागला. जुन्या मित्राकडे जातो म्हणायचा. कुठला मित्र, तर "आहे एक, तू नाही ओळखत." इतकी वर्षं एका ऑफिसात काढली, याचा कुठला मित्र मी ओळखत नाही?

एकदा बाजारातून बांगडे घेऊन आला. पिशवी उघडली आणि वासाने मी मागे सरकले. मालवणी माणूस, कल्ले उघडून लाल आहेत का बघितल्याशिवाय माशाला हात न लावणारा, कोळणीशी अर्धा तास हुज्जत घालणारा, तो शिळे बांगडे घेऊन येतो? हा बाजारात गेलाच नाही, मी मनात म्हटलं. दुसऱ्या कुठेतरी होता आणि येताना कुणाकडून तरी उचलून आणले. मी ते बांगडे त्याच्या डोळ्यांसमोर कचऱ्यात टाकले. तो माझ्या कानाकडे बघून "सॉरी गं" म्हणाला.

आणि मग ती बाई. एका दुपारी बाल्कनीत तो पाठमोरा बसला होता, फोन कानाशी. फोनमधून बाईचा आवाज येत होता. ती सारखी बोलत होती आणि हा एक शब्द न बोलता ऐकत होता. मी पाऊल टाकलं तसा त्याने फोन खिशात घातला.

"कोण होतं?"

"कुणी नाही."

कुणी नाही! एखादी बाई इतका वेळ बोलते आणि ती कुणी नसते! त्या दिवशी मी भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या की खालच्या मजल्यावरून विचारायला आले.

आता कुणी म्हणेल, बाई, तोंडावर विचारायचं की सरळ. विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती. मला गोल्फचं काही पडलं नव्हतं. चेंडू डावीकडे जावो नाहीतर ठाण्याला जावो. मला एवढंच कळायला हवं होतं की या माणसाला मी बरोबर हवी आहे की नको आहे. हवी असेन तर मग खोटं का, आणि नको असेन तर मला ओढून त्या गवतावर कशाला नेतोस? इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न पडतो तेव्हा जेवण जात नाही. माझं खरंच जात नव्हतं.

शेवटी सरांनीच एक गोष्ट सांगितली, आणि त्यांना काही फार मोठं सांगतोय असं वाटलंही नाही. म्हणाले, "मॅडम, तुमचा चेंडू वळत नाही. निघतो त्याच रेषेत जातो. म्हणजे स्विंग बरोबर आहे. एकदा कोर्सवर उभ्या राहिलात की पायांच्या बोटांना लागून एक काठी जमिनीवर ठेवा, आणि मागे जाऊन बघा ती कुठे दाखवते."

पुढच्याच फेरीला मी काठी खाली ठेवायला वाकले, तर नवरा म्हणाला, "अगं, मागचे लोक थांबलेत. वेळ नको काढू." मागे वळून बघितलं. मागे एक कावळा होता.

बस. ऑडिटमध्ये जिची वाट बघायची, ती दुसरी चूक मला सापडली होती.

त्यानंतरच्या मंगळवारी मी त्याला लवकर उठवलं. मधल्या वारी कोर्सवर कुणी नसतं. एक छोटं होल आहे, उभं राहिलं की समोरच ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत दिसतं, त्यावर लाल झेंडा, आणि बऱ्याच डावीकडे कुंपणापलीकडे एक पिवळी पाण्याची टाकी. मी चेंडू ठेवला आणि म्हटलं, "उभी कर मला."

तो मागे गेला. माझ्या खांद्यांवर त्याचे हात आले. "जरा अजून... थोडंसं... बस. आता मान वर करू नकोस."

मी मान वर केली नाही. हातातली काठी पायांच्या बोटांशी गवतावर ठेवली, बाजूला झाले आणि चालत मागे जाऊन उभी राहिले. काठी सरळ त्या पिवळ्या टाकीकडे बघत होती. झेंडा उजवीकडे राहिला होता, इतका उजवीकडे की लहान मूलसुद्धा फसलं नसतं. म्हणजे इतके महिने मी सरळच मारत होते. माझे खांदे, माझी कंबर, माझं कोपर, घाटकोपरच्या काकांची काच, कुणाचाच दोष नव्हता. अंगणच वाकडं होतं, आणि ते वाकडं करणारा माणूस माझ्या शेजारी टोपी घालून उभा होता.

माझा तोल गेला.

"ही काठी कुठे दाखवते, सांग."

"झेंड्याकडे."

"परत बघून सांग."

त्याने मान जराशी वळवून पुन्हा काठीकडे बघितलं.

"टाकीकडे दाखवते! त्या टाकीवर नेम धरायला लावलंस मला इतके दिवस? मुद्दाम ना? मी कंटाळावं, 'नको ते गोल्फ' म्हणून घरी बसावं, म्हणून?"

"वेडी आहेस का तू?"

"हो, वेडीच! गुरुवारी कुठे जातोस ते न विचारणारी वेडी. तुझ्या फोनमधल्या बाईबद्दल न विचारणारी वेडी. शिळे बांगडे बघून गप्प बसणारी वेडी. बोल ना आता! आणि माझ्या कानाशी काय बोलतोस? माझ्याकडे बघ. सरळ बघ. डोळ्यात डोळे घाल आणि सांग मी नकोय तुला, म्हणजे मी सुटले."

त्याने टोपी काढली. आणि कितीतरी महिन्यांनी त्याने मान सरळ करून माझ्या डोळ्यांत बघितलं. मी वाट बघत राहिले. त्याचे डोळे माझ्यावर होते, पण तो मला शोधत असल्यासारखा बघत होता. मग हळूच म्हणाला, "आता तू दिसत नाहीस."

"काय?"

"सरळ बघितलं की दिसत नाहीस गं. कडेचं दिसतं. ट्रॉली दिसते, झाड दिसतं, तुझे बूट दिसतात. मधे तू असायला हवीस, तिथे नुसता डाग आहे." त्याने नजर जराशी सरकवली, माझ्या उजव्या कानाकडे. "आता आहेस. आता अख्खी आहेस."

मी तिथेच गवतावर बसले.

मग तो बोलला. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मधोमध डाग पडलाय. गुरुवारी तो डोळ्यांच्या दवाखान्यात जातो. डोळ्यात इंजेक्शन देतात, आहे तेवढं टिकावं म्हणून. गेलेलं परत येत नाही. एखादी गोष्ट बघायची तर तिच्या जरा डावीकडे बघावं लागतं, की मग ती कडेने दिसते. झेंडासुद्धा तसाच. तो झेंड्याच्या डावीकडे बघायचा, तेव्हा त्याला झेंडा दिसायचा. आणि मग तो मला उभं करायचा ते झेंड्याकडे तोंड करून नाही, तो स्वतः जिकडे बघत होता तिकडे.

"मला वाटायचं मी बरोबर लावतोय," तो म्हणाला. "तुझे सगळे डावीकडे जातात असं तू म्हणालीस, तेव्हा शंका आली. मग काठी ठेवायला लागलीस तेव्हा घाबरलो."

"आणि बांगडे?"

"कल्ले लालच वाटले गं मला."

"आणि ती बाई?"

त्याला आधी कळेचना कोण बाई. मग त्याने खिशातून फोन काढला, दोनदा बोट आपटलं, आणि एक सपाट, यांत्रिक बायकी आवाज त्या रिकाम्या कोर्सवर मोठ्याने वाचायला लागला: नणंदेने त्यालाही पाठवलेला तो मेसेज. 'दांडो'चं तिने असं काही केलं की रडता रडता मला हसू फुटलं. तिला मालवणी येत नव्हती बिचारीला.

हसू ओसरलं आणि राग परत आला. राग आला हे मी लपवणार नाही. "मेल्या, मला सांगायचं नाही? मी कोण तुझी? एकटा जाऊन डोळ्यात सुया टोचून घेतोस आणि मला बाहेरच्या बाईवरून झुरत ठेवतोस?"

"सांगितलं असतं तर तू मला त्याच दिवशी घरी बसवलं असतंस. गाडी बंद, बाजार बंद, इथे येणं बंद."

"बसवलंच असतं!"

"मग?" तो म्हणाला. "मला इथे यायचं होतं. खेळता येत नाही, चेंडू दिसत नाही, पण आवाज कळतो. नीट बसला की 'टक्' होतं ना, ते मला पाठ आहे. म्हटलं, तू शिकलीस तर तो ऐकायला मिळेल. आणि दुसऱ्या कुणाबरोबर यायचं नव्हतं मला. तुझ्याबरोबरच यायचं होतं."

मी पदर लावून रडणाऱ्यातली नाही, आणि त्या दिवशी ट्राउझर होती, पदरही नव्हता. टोपीनेच तोंड पुसलं. त्याची टोपी होती ती. तो माझ्या कानाकडे बघत उभा होता, आणि मला एकदम कुड्यांची आठवण झाली.

"कानातलं दिसतंय का रे माझ्या?"

"नाही. तिथेच तर डाग येतो, बघतो तिथे. काय घातलंयस?"

"मोत्याच्या आहेत. नव्या," मी म्हटलं. "चांगल्या दिसतात."

"असणारच."

मी उठले. त्याला म्हटलं, आज तू बाजूला उभा राहा, आज माझी मी उभी राहते. मागे गेले, झेंडा बघितला, झेंड्याच्या रेषेत गवतावरचं एक वाळलेलं पान धरलं, काठी ठेवून बघितली, पाय लावले. सगळं बरोबर होतं. पण रडून झाल्यावर हात कुठे स्थिर असतात? मी काठी फिरवली. चेंडू लागला, पण टोकाला कुठेतरी, आवाज बोदा आला. मान वर केली.

शेजारून त्याने विचारलं, "कुठे गेला?"

तोंडावर आलं होतं की सरळ गेला, झेंड्याजवळ पडला. त्याला कुठे दिसणार होतं. पण आमच्यात आता खोटं बोलणं पुरे झालं होतं.

"डावीकडे," मी म्हणाले.

"पण आज तर मी तुला उभं केलं नव्हतं!"

"नाही. हा माझा होता."

तो हसायला लागला. खूप दिवसांनी तसा हसला, टोपी नसलेलं डोकं मागे टाकून. माझ्या कानाकडे बघत हसत होता. मला बघत होता.